संगणकाच्या दारावरची पाटी

आपल्याकडे नवे भांडे घरात आले की त्यावर नाव घालून घेण्याची रीत आहे. भांड्यांच्या दुकानात एक माणूस यंत्र घेऊन बसलेला असतो. तो स्टीलच्या वाटीवर, ताटावर, डब्यावर आपण सांगू ते नाव टकटक करीत कोरून देतो. मग ती वाटी शेजारी भाजीबरोबर गेली, लग्नाच्या पंगतीत शंभर वाट्यांत मिसळली, तरी नावावरून ओळखून परत घरी येते. एवढ्याशा वाटीची अशी काळजी घेणारे आपण, हजारो रुपये मोजून आणलेल्या संगणकावर मात्र दुसऱ्याचे नाव रोज मुकाट्याने पाहत बसतो. ही विसंगती आमच्या ध्यानात आणून दिली ती घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाने, म्हणजे आमच्या आईने.

आम्ही म्हणजे पती-पत्नी दोघे. एक सरकारी कचेरीत कारकून, दुसरी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. आई एकाची जन्मदाती आणि दुसरीची सासू. पण घरात ती दोघांचीही आईच होती. १९९९ साली कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात संगणक आला, तो थोरल्या मुलीच्या हट्टामुळे आणि कचेरीच्या पतपेढीतून काढलेल्या कर्जामुळे. कंपनीचा तयार संगणक आवाक्याबाहेर होता. म्हणून सुटे भाग जोडून देणाऱ्या एका दुकानदाराकडून तो घेतला. चौदा इंची मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि आत विंडोज ९८. हप्ते तीन वर्षांचे होते.

बटण दाबल्यापासून संगणक कामाला तयार होईपर्यंत त्या काळी मिनिट-दीड मिनिट सहज जाई. तेवढा वेळ पडद्यावर एक चित्र उभे राही. विंडोज ९८चे मूळ चित्र आकाश, ढग आणि कंपनीच्या चिन्हाचे असे. आमच्या पडद्यावर मात्र तेही नव्हते. तिथे त्या दुकानदाराने स्वतःच्या दुकानाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि 'सर्व प्रकारचे संगणक मिळतील' अशा अर्थाची इंग्रजी ओळ लाल-पिवळ्या रंगात घालून दिली होती. रोज सकाळी मुले संगणक लावीत आणि रोज सकाळी आमच्या घरात त्याची जाहिरात होई.

आईला इंग्रजी येत नव्हते. तिने थोरलीला विचारले, "रोज येतंय ते कुणाचं नाव गं?" थोरलीने सांगितले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आम्हांला म्हणाली, "वाटीवर आपलं नाव, अन् एवढ्या मोठ्या वस्तूवर त्याचं? हप्ते तो भरतोय का?"

आम्ही दुकानात फोन केला. उत्तर आले की ते नाव निघत नाही. कुणी आतल्या फायलींना हात लावला तर वर्षभराची हमी रद्द होईल. आम्ही फोन ठेवला, पण आईचा प्रश्न काही ठेवता येईना. घरातला धाकटा एकदा मित्राला सांगत होता, "हा त्या दुकानाचा कॉम्प्युटर आहे." मुलगा नऊ वर्षांचा. त्याचा दोष नव्हता. जे नाव पहिले दिसते त्याचीच ती वस्तू, असा हिशेब लहान मूल करते.

आमच्या चाळीतला एक विद्यार्थी तेव्हा पदविकेला शिकत होता. तो एका संध्याकाळी येऊन बसला आणि त्याने सगळे उलगडून सांगितले. ते इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या वेळी ज्याला आम्ही जादू समजत होतो तो निव्वळ मोजमापाचा मामला होता.

विंडोज ९५ आणि ९८ सुरू होताना सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर 'लोगो डॉट एसवायएस' नावाची फाईल आहे का, हे पाहिले जाई. असेल तर ती दाखवायची. नसेल तर विंडोजच्या स्वतःच्या एका मूळ फायलीत दडलेले कंपनीचे चित्र दाखवायचे. म्हणजे दुकानदाराने काही कुलूप घातले नव्हते. फक्त त्या नावाची एक फाईल ठेवली होती. ती काढली की कंपनीचे ढग दिसणार, आणि तिच्या जागी आपली ठेवली की आपले चित्र दिसणार. संगणक बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. फाईलच्या नावाचा शेवट वेगळा असला तरी आत ते साधे बीएमपी चित्रच असे, पेंट या कार्यक्रमात काढता येणारे.

अट एकच होती, मापाची. चित्र आडवे ३२० आणि उभे ४०० ठिपक्यांचे हवे, रंग २५६. माप किंवा रंगांची संख्या वेगळी असेल तर आपले चित्र दिसायचे नाही. हे माप असे विचित्र का? संगणक सुरू होताना पडद्याची खास यंत्रणा अजून जागी झालेली नसते. त्यामुळे आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीच्या साध्या क्षमतेवरच भागवावे लागे. पण मॉनिटर तर आडवा, चारास तीन या प्रमाणात. त्यावर ३२० बाय ४०० चे उभे चित्र ताणून बसवले की प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा रुंद होतो, पाचास तीन या प्रमाणात. सरळ त्या मापावर गोल काढला तर पडद्यावर तो आडवा अंडाकृती दिसणार. म्हणून युक्ती अशी की, चित्र आधी ६४० बाय ४८० वर नीट काढायचे आणि मग पेंटमध्येच आडवे ५० टक्के व उभे ८३ टक्के दाबायचे. कागदावर ते चेंगरलेले दिसते, पडद्यावर पुन्हा सरळ होते.

माप कळले, आता चित्र कशाचे हा वाद सुरू झाला. धाकट्याला क्रिकेटपटू हवा होता, थोरलीला धबधबा. आम्हां दोघांना वाटले, आडनाव टाकावे, इंग्रजीत, ठसठशीत. आई म्हणाली, "मला वाचता येईल असं काहीतरी टाका."

इथे एक गोष्ट तरुण वाचकांना सांगितली पाहिजे. आज मोबाईलवर बोट ठेवले की मराठी उमटते. तेव्हा तसे नव्हते. देवनागरीसाठी काम झालेले होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले होते, आणि जगातल्या सर्व लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती. पण आमच्यासारख्यांच्या घरातल्या विंडोज ९८ला मुळात मराठी कळत नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फाँट मिळत. त्यांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचा निरर्थक खिचडा दिसे. विंडोजमध्ये देवनागरीची खरी सोय विंडोज २०००पासून आली. मात्र चित्राला भाषा लागत नाही. चित्रात अक्षर म्हणजे नुसते ठिपके. ज्या यंत्राला 'अ' म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याच यंत्राच्या पहिल्या पडद्यावर शुद्ध मराठी उभी करता येत होती. 

थोरली म्हणाली, "फाँट नकोच. आजीचं अक्षर टाकू या."

आईचे अक्षर! आई शाळेत गेलेली नव्हती. वडील वारले तेव्हा त्यांच्या फंडाच्या कागदांवर तिने अंगठा दिला होता. तो निळा ठसा पुसताना तिने पदराने बोट कितीतरी वेळ घासले होते, ते आमच्यापैकी एकाने जवळून पाहिले आहे. पुढे वस्तीतल्या प्रौढ साक्षरता वर्गात ती दोन वर्षे रात्री जात राहिली. सही शिकली, मग वाचू लागली. लिहिण्याचा प्रसंग मात्र पोस्टात आणि रेशनच्या दुकानात सही करण्यापलीकडे फारसा येत नसे.

काय लिहायचे हे तिनेच ठरवले. वर स्वतःचे पूर्ण नाव. त्याखाली 'यांचे घर'. आणि सर्वांत खाली, "घरी कुणी आलं तर आधी काय म्हणतो आपण? 'बसा' म्हणतो. तसं लिहू." म्हणून 'बसा. सुरू होत आहे.'

तिने वहीत लिहिले 'सुरु', दुसरा उकार ऱ्हस्व. शिक्षिकेच्या नजरेने ते तत्काळ टिपले आणि घरात दोन मते झाली. एक मत असे की, तिचे अक्षर आहे, जसे आले तसे राहू द्यावे. त्यात तिचा हात आहे. दुसरे मत असे की, रोज मुले पाहणार, शुद्धच हवे. आमचे दबक्या आवाजात बोलणे चालले असताना आईनेच विचारले, "चुकलंय का? मग सांगा की. मी पुन्हा लिहिते. माझ्या नावाखाली चुकीचं नको." तिच्या शिक्षणाचा मान तिला चूक दाखवण्यात आहे, ती झाकण्यात नाही, हे आम्हां शिकलेल्यांना तिने एका वाक्यात सांगितले. मग तिने ते शब्द चार वेळा लिहिले आणि चौथा कागद पसंत केला.

कागदावरचे अक्षर संगणकात कसे न्यायचे? स्कॅनर आमच्याकडे नव्हता. थोरलीने उपाय काढला. वहीला घालतो तसल्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा कापला. आईने त्यावर स्केचपेनने तीच अक्षरे मोठी करून लिहिली. जुन्या काचेच्या मॉनिटरवर विजेचा एक सूक्ष्म भार असे. हात जवळ नेला की लव उभी राही. त्या भारामुळे प्लॅस्टिक काचेला आपोआप चिकटून बसले. मग आईच्या अक्षरांवरून माऊस फिरवीत थोरलीने पेंटमध्ये रेषा ओढल्या. एकेका अक्षराला पाच-दहा मिनिटे लागली. रविवारची दुपार त्यात गेली. आई शेजारी स्टुलावर बसून सांगत होती, "माझा 'स' असा वळत नाही, पोट जरा मोठं असतं त्याचं."

पुढची अडचण आमच्या लिपीचीच होती. चित्र आडवे निम्मे दाबताना पेंट दर दोन उभ्या रांगांपैकी एक सरळ गाळून टाकतो. इंग्रजी अक्षरांचे त्यात फारसे बिघडत नसेल, पण देवनागरीचा सारा डोलारा उभ्या दांड्यावर. एका ठिपक्याच्या जाडीचा काना सम रांगेत पडला की राहतो, विषम रांगेत पडला की नाहीसा होतो. मग 'बसा'चा 'बस' होतो, म्हणजे पाहुण्याला 'अहो'वरून 'अरे'वर आणण्यासारखेच! म्हणून प्रत्येक उभी रेघ किमान चार ठिपके जाड केली, म्हणजे दाबल्यावर दोन उरतात. शिरोरेषा तीन ठिपक्यांची पुरली, कारण उभ्या दिशेने सहांतली एकच ओळ गळते. ८३ टक्क्यांनी उंची ३९८ भरते, ४०० नव्हे. ते दोन ठिपके पेंटमध्ये मापाच्या खान्यात ४०० लिहून वाढवावे लागतात आणि तळाशी उमटणारी पांढरी पट्टी पार्श्वभूमीच्या रंगाने भरावी लागते. आम्ही पार्श्वभूमी गडद निळी ठेवली आणि अक्षरे पांढरी. जुन्या मॉनिटरवर ती जोडी सर्वांत स्वच्छ दिसे.

दुकानदाराची फाईल आम्ही पुसली नाही. वेगळे नाव देऊन जपून ठेवली. आपली फाईल 'लोगो डॉट एसवायएस' नावाने तिच्या जागी ठेवली आणि संगणक पुन्हा सुरू केला. आधी काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे धावले. मग निळा पडदा आला आणि त्यावर आईचे नाव.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने ते एकेक अक्षर बोट ठेवून वाचले, आणि 'बसा'पाशी आल्यावर खरोखरच स्टुलावर बसली. चित्र गेल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव."

या कामाचा खरा उपयोग मात्र संगणक बंद करताना झाला. त्या काळच्या आमच्या जुन्या पद्धतीच्या पेटीतला संगणक आपोआप बंद होत नसे. आधी पडद्यावर थांबण्याची सूचना येई, आणि मग 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. त्यानंतरच बटण दाबायचे. आधी दाबले तर फायली बिघडण्याची भीती. आईला ते वाक्य वाचता येत नसल्याने ती संगणकाला कधी हात लावीत नसे. हे दोन पडदेही साधी चित्रेच होती, विंडोजच्या फोल्डरमध्ये 'लोगोडब्ल्यू' आणि 'लोगोएस' नावांनी ठेवलेली, त्याच मापाची. थोरलीने आईकडून आणखी दोन ओळी लिहून घेतल्या. पहिल्या पडद्यावर 'थांबा, बंद होत आहे.' दुसऱ्यावर 'आता बटण बंद करा.' त्या आठवड्यापासून मुले शाळेत गेल्यावर आई स्वतः संगणक लावू लागली. पत्त्यांचा खेळ शिकली, पेंटमध्ये नातवंडांची नावे लिहू लागली आणि दुपारी नीट बंद करून ठेवू लागली. जिला आम्ही वर्षभर 'आई, हात लावू नकोस' म्हणत आलो होतो, तिला तीन चित्रांनी यंत्राशेजारी बसवले.

पुढे संगणकातला एक भाग बदलायला त्या दुकानातला कामगार घरी आला. त्याने बटण दाबले आणि पडद्याकडे पाहतच राहिला. "हे कुणी केलं?" त्याने विचारले. आम्ही काही बोलण्याआधी आई म्हणाली, "माझं अक्षर आहे ते." त्याने भाग बदलला, पैसे घेतले. हमीचा विषय निघाला नाही. जाताना म्हणाला, "आजी, माझ्या आईचं नाव पण असं करून मिळेल का?"

मिळाले. त्याचे झाले, चाळीतल्या दोघातिघांचे झाले. असे एक चित्र म्हणजे १,२९,०७८ बाइट. एका फ्लॉपीत अकरा चित्रे मावत. थोरली फ्लॉपी घेऊन घरोघर जाई, पण तिची अट असे, अक्षर त्या घरातल्या माणसाचेच हवे. एका घरी वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा सहीखेरीज दुसरे काही लिहिले, ते या चित्रासाठी.

ही सोय फार वर्षे टिकली नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि सुरुवातीचे चित्र यंत्रणेच्या गाभ्यातल्या फाईलमध्ये गेले. ते बदलणे म्हणजे गाभ्यालाच हात घालणे झाले. २०१२ च्या विंडोज ८पासून नव्या संगणकांवर सुरुवातीला बहुधा संगणक बनवणाऱ्या कंपनीचेच चिन्ह दिसते. यामागे केवळ जाहिरातीचा लोभ नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी 'लोगोफेल' या नावाने काही त्रुटी उघड केल्या. सुरुवातीचे चिन्ह वाचणाऱ्या आतल्या आज्ञावलीत दोष होते, आणि मुद्दाम बिघडवलेले चित्र तिथे पोचवले तर संगणक पूर्ण जागा होण्याआधीच तो ताब्यात घेता येण्याचा धोका होता. दाराची पाटी बदलण्याच्या निमित्ताने चोर आत शिरू शकतो, तेव्हा दार बंद ठेवण्यालाही कारण असते.

तरीही सगळ्या वाटा बंद नाहीत. लिनक्स वापरणाऱ्यांना 'प्लायमाउथ' या सोयीने सुरुवातीचे चित्र आजही बदलता येते. रास्पबेरी पाय या छोट्या, तुलनेने स्वस्त संगणकावरही ते जमते. विंडोजचा कुलूपबंद पडदा आपल्या चित्राचा करता येतो. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलच्या कुलूपबंद पडद्यावर आपल्या मजकुराची एक ओळ ठेवता येते, तीही मराठीत. आता तर प्लॅस्टिक चिकटवायला नको. कागदावरच्या अक्षराचा मोबाईलने फोटो काढला की काम झाले.

आई २०११ साली गेली. तो संगणक त्याआधीच भंगारात गेला होता. तिची ती तीन चित्रे थोरलीने फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी जपत आणली आहेत. आज ती स्वतः संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. तिच्या लिनक्सवर सुरू होताना गडद निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बसा. सुरू होत आहे.' असे येते, आणि 'स'चे पोट जरा मोठेच असते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत आता संगणक आहेत, प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. त्यावरचे पहिले चित्र बहुधा कंपनीने दिलेले डोंगर नाहीतर फुले असतात. या रविवारी एवढेच करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापुढे कोरा कागद आणि पेन ठेवा आणि त्यांना दोन शब्द लिहायला सांगा. लिहिताना शब्द चुकला तर आदराने सांगा. ते पुन्हा लिहितील. आणि मुलांना त्या अक्षरांचे चित्र करायला बसवा.